बोट धक्क्याला आहे तोवर मुंबई

लांब पल्ल्याच्या सागरी सफरीत बंदरातला मुक्काम बहुधा एका दिवसाचा असतो. दुबईहून निघालेली प्रवासी बोट अडीच-तीन दिवस अरबी समुद्र कापून मुंबईला येते, पहाटे धक्क्याला लागते आणि पुष्कळदा त्याच संध्याकाळी गोवा, मंगळूर, कोची, कोलंबो या वाटेने निघून जाते. क्वचित ती एक रात्र थांबते. एवढ्या वेळात सव्वा कोटी वस्तीचे शहर पाहायचे असते. हॉटेल शोधायचे नसते, सामान ओढायचे नसते, जेवणाची सोय बोटीवर असतेच. अडचण फक्त वेळेची असते. त्यामुळे बोटीचा प्रवासी शहराचा कोणता तुकडा निवडतो, यावर त्याला मुंबई म्हणून काय दिसले हे ठरते. आजवर हा तुकडा जवळजवळ नेहमीच एकच राहिला आहे: बॅलार्ड पिअरपासून मलबार हिलपर्यंतचा दक्षिण टोकाचा पट्टा. सांताक्रूझसारखे उपनगर, जिथे सामान्य मुंबईकर राहतो, भाजी आणतो, गाडी पकडतो, ते बोटीच्या पाहुण्याच्या वाट्याला सहसा आले नाही. ते का आले नाही आणि आता कसे येऊ शकते, हे समजायला आधी बंदराकडे पाहावे लागते.

मुंबईचे बंदर पूर्व किनाऱ्याला, शहर आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या खोल पाण्यात आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालून होणारा प्रवास काही आठवड्यांनी कमी झाला. युरोपातून येणाऱ्या आगबोटीला हिंदुस्थानातले सर्वांत सोयीचे मोठे बंदर मुंबईचे ठरले. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक तयार झाला आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक. हाच आजचा इंदिरा डॉक. हा डॉक खोदताना निघालेल्या माती-दगडाने समुद्रात भर घालून जी जमीन मिळाली, तिच्यावर वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. पोर्ट ट्रस्टचे कर्नल बॅलार्ड यांचे नाव तिला आणि शेजारच्या धक्क्याला मिळाले. बोटीतून उतरणाऱ्याला पहिल्यांदा दिसणाऱ्या या एकसारख्या उंचीच्या, शिस्तीत उभ्या दगडी इमारती म्हणजे खुद्द बंदराच्याच पोटातून निघालेला भाग आहे.

गेटवे ऑफ इंडियाबद्दल एक समज पक्का बसला आहे की जुन्या काळी सगळे प्रवासी तिथेच उतरत. तसे नव्हते. अपोलो बंदरावरची ही कमान १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी तिथे उतरल्याच्या स्मरणार्थ बांधली गेली आणि ती खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. व्हाइसरॉय, गव्हर्नर, संस्थानिक यांचे स्वागत तिथे होई. विसाव्या शतकात टपालबोटीचा सामान्य प्रवासी बॅलार्ड पिअरवर उतरत असे. बंदराच्या अंगणातच रेल्वेचे एक छोटे स्थानकही होते, बॅलार्ड पिअर मोल. १ सप्टेंबर १९२८ पासून फ्रंटियर मेल तिथून सुटू लागली. विलायतेहून आलेला अधिकारी बोटीतून उतरून थेट गाडीत बसे आणि पेशावरकडे निघे. शहराला त्याचा पायही लागत नसे.

पण पुढे जाणाऱ्या बोटींचे प्रवासी मात्र शहरात फिरत. पी अँड ओ कंपनीच्या स्ट्रॅथनेव्हर, स्ट्रॅथेर्ड, स्ट्रॅथमोर या १९३० च्या दशकातल्या बोटी लंडनजवळच्या टिलबरीहून मुंबई, कोलंबो करत ऑस्ट्रेलियाला जात. इटलीच्या लॉइड ट्रिएस्टिनो कंपनीच्या ‘आशिया’ आणि ‘व्हिक्टोरिया’ मुंबईमार्गे हाँगकाँगला जात. मुंबईहून पूर्व आफ्रिकेला जाणाऱ्या ‘करांजा’ आणि ‘कंपाला’ या बोटी तर अनेक भारतीय घराण्यांच्या आठवणीत आहेत. ऑस्ट्रेलियाला कायमचे राहायला निघालेल्या कुटुंबासाठी मुंबई म्हणजे काही तासांचा मुक्काम होता. तेवढ्यात ते काय पाहत? क्रॉफर्ड मार्केट, मलबार हिल, हँगिंग गार्डन आणि ताजमहाल हॉटेल. टॅक्सीवाल्यांची ही ठरलेली फेरी होती, आणि थोड्याफार फरकाने ती आजही तीच आहे.

जूल व्हर्न यांनी ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ या कादंबरीत अशा मुक्कामाचे जे चित्र रेखाटले आहे ते आजही लागू पडते. ‘मंगोलिया’ ही बोट २० ऑक्टोबर १८७२ रोजी दुपारी साडेचारला मुंबईला लागते आणि कलकत्त्याची गाडी रात्री आठला सुटायची असते. हातात साडेतीन तास. फिलिअस फॉग पासपोर्टवर शिक्का मारून घेतो, स्थानकातच जेवतो आणि शहराकडे ढुंकून पाहत नाही. त्याचा नोकर पासपार्तू मात्र भटकत मलबार हिलवरच्या देवळापर्यंत जातो, पायातले बूट न काढता आत शिरतो, मार खातो आणि अनवाणी पळत गाडी सुटण्याच्या बेताला स्थानकावर पोहोचतो. वेळेची धास्ती आणि स्थळाची अपुरी माहिती, या दोन्ही गोष्टी मुक्कामाच्या प्रवाशाला अजूनही नडतात.

खलाशांची गोष्ट वेगळी होती. त्यांचा मुक्काम माल उतरवण्या-चढवण्यावर अवलंबून असे आणि तो कधी आठवड्यांवर जाई. त्यांच्यासाठी १८७६ मध्ये पूर्ण झालेले रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम ही शहरातली एक देखणी इमारत आहे. तिचे वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनीच पुढे बोरीबंदरचे व्हिक्टोरिया टर्मिनस उभारले. या सेलर्स होमात नंतर कायदेमंडळ भरत असे आणि आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. आजच्या खलाशाला मात्र शहर फारसे दिसत नाही. कंटेनरची वाहतूक १९८९ नंतर पलीकडे न्हावा-शेव्याच्या बंदरात गेली, यंत्रांनी माल काही तासांत उतरतो आणि धक्क्यावरून शहर गाठेपर्यंत परतायची वेळ होते. सागरी व्यवसायातल्या माणसांचे हे नुकसान मोठे आहे, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

प्रवासी बोटींचा जुना जमाना संपवला तो सांताक्रूझनेच. १९२८ मध्ये जुहूला धावपट्टी सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथेच उतरले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलासाठी सांताक्रूझला मोठा विमानतळ झाला आणि युद्धानंतर नागरी वाहतूक जुहूहून तिकडे हलली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघाले. बोटीला जिथे दोन-तीन आठवडे लागत, तिथे विमान दोन दिवसांच्या आत पोहोचू लागले. पुढच्या पंचवीस वर्षांत बोटीने विलायतेला जाणे जवळजवळ बंद पडले. शहराचा दरवाजा बॅलार्ड पिअरवरून सांताक्रूझला गेला आणि हारतुरे घेऊन निरोपाला जाणारी माणसे लोकलने उपनगराकडे जाऊ लागली.

प्रवासी बोटी पुन्हा येऊ लागल्या त्या सुट्टीच्या सफरी म्हणून. त्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. परदेशी बोटींबरोबर आता मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जाणाऱ्या देशी बोटीही आहेत आणि त्यांच्यावर मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने दिसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. एकाच वेळी पाच बोटी धक्क्याला लागू शकतील, अशी त्याची योजना आहे.

धक्क्याला लागणे म्हणजे लगेच शहरात शिरणे नव्हे. बंदराच्या तोंडाशी पायलट बोटीवर चढतो. गाळ, प्रवाह आणि भरती-ओहोटी यांची त्याला खडान् खडा माहिती असते. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी ओहोटीपेक्षा चार-पाच मीटर वर चढते, म्हणून मोठ्या बोटीच्या येण्या-जाण्याची वेळ जपून ठरवावी लागते. नंतर इमिग्रेशन आणि कस्टमची माणसे कामाला लागतात. परदेशी नागरिकाला मुंबईत उतरायला व्हिसा लागतो. मुंबईच्या बंदरात ई-व्हिसाही चालतो. हजार-दोन हजार प्रवाशांचे पासपोर्ट तपासायला वेळ जातो, त्यामुळे पहाटे सहाला लागलेल्या बोटीतला प्रवासी गोदीच्या फाटकाबाहेर यायला नऊ-दहा वाजणे नवलाचे नाही. गोदीच्या आवारात मनाला येईल तसे चालत फिरता येत नाही.

मग हिशेब सुरू होतो. बोट संध्याकाळी सहाला सुटणार असेल तर प्रवाशांना साधारण तासभर आधी परत बोलावतात. म्हणजे दहा ते पाच, सात तास. त्यातला एक तास वाहतुकीच्या कोंडीसाठी बाजूला ठेवावा, हे शहाणपणाचे. शिवाय बोटीवरचे घड्याळ आणि शहरातले घड्याळ एकच आहे ना, हे उतरण्यापूर्वी विचारून घ्यावे. दुबई आणि भारत यांच्या वेळेत दीड तासाचा फरक आहे आणि बोटीवर घड्याळ कधी पुढे करायचे हे कप्तान ठरवतो.

या सहा-सात तासांत फोर्ट पायी पाहणे ही सर्वांत निर्धोक योजना. बॅलार्ड इस्टेटपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी), म्हणजे पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस, पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. १८८८ च्या सुमारास पूर्ण झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारशात आहे, आणि तरीही ती रोज लाखो माणसे वापरतात. ती खरी पाहायची सकाळी, लोकलमधून लोंढे बाहेर पडत असताना. तिथून हुतात्मा चौक, मग काळा घोडा. वाटेत १८६० च्या दशकातले वॉटसन्स हॉटेल लागते, आजचे एस्प्लनेड मॅन्शन. १८९६ मध्ये मार्क ट्वेन इथे उतरले होते, आणि त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा इथेच दाखवला गेला. पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला व्हिक्टोरियन शैलीच्या इमारती आणि पश्चिमेला आर्ट डेको घरे समोरासमोर उभी आहेत; २०१८ मध्ये या संपूर्ण परिसराला जागतिक वारशाचे स्थान मिळाले. दुपारी बाराच्या आधी चर्चगेटबाहेर डबेवाले डब्यांची वाटणी करताना दिसतात. हा सगळा मार्ग चालत पाच-सहा किलोमीटरचा आहे आणि डिसेंबर-जानेवारीत तो सुखाचा होतो.

घारापुरीचा मोह मोठा असतो. गेटवेवरून लाँचने जायला सुमारे तास, यायला तास, वर चढायच्या पायऱ्या शंभरावर; अर्धा दिवस त्यातच जातो. पण सहाव्या शतकाच्या सुमाराची ती त्रिमुखी सदाशिवाची मूर्ती, सुमारे अठरा-वीस फूट उंचीची, गुहेच्या अंधारातून हळूहळू उलगडत जाते, तेव्हा त्या अर्ध्या दिवसाचे चीज होते. लेणी सोमवारी बंद असतात, आणि बोटीच्या वेळापत्रकात वार निवडण्याची मुभा नसते. बेट मुंबईच्या बंदरात असले तरी ते रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात मोडते.

आता सांताक्रूझ. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसे होती आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात सुमारे ९४ लाख. म्हणजे दर चार मुंबईकरांपैकी तीन उपनगरात राहतात, आणि बोटीचा पाहुणा त्यांच्या घराच्या वाटेलाही न जाता मुंबई पाहिली असे म्हणतो. यामागे इतिहास आहे. सात बेटांची मुंबई १६६१ च्या करारानुसार इंग्रजांकडे आली. पण सांताक्रूझ, वांद्रे, अंधेरी ज्या साष्टी बेटावर आहेत ते पोर्तुगीजांकडेच राहिले. १७३७-३९ च्या चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेने साष्टी मराठ्यांकडे आली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी ती घेतली. माहीमच्या खाडीवरचा रस्ता १८४५ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नीच्या देणगीतून झाला. तोवर माहीमहून वांद्र्याला जायचे तर होडी लागे. सांताक्रूझ बृहन्मुंबईच्या हद्दीत आले ते १९५० मध्ये. तेव्हा ही दोन वेगळी गावे होती आणि बंदरातून पाहणाऱ्याला त्यातले एकच दिसत होते.

हे अंतर आता कमी झाले आहे. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण लांबीने धावते. बंदरापासून चालत जाण्याजोग्या सीएसएमटी स्थानकात बसले की गाडी न बदलता सांताक्रूझ येते, तेही पाऊण तासाच्या आत. चर्चगेटहून जायचे तर पश्चिम रेल्वेची धिमी लोकल घ्यावी. जलद गाड्या सांताक्रूझला सहसा थांबत नाहीत. गर्दीचे गणितही पाहुण्याच्या बाजूचे आहे. सकाळची मोठी गर्दी दक्षिणेकडे येते आणि संध्याकाळची उत्तरेकडे जाते. बोटीचा प्रवासी दोन्ही वेळा उलट्या दिशेने जातो. टॅक्सीने सागरी किनारा मार्ग आणि वांद्रे-वरळी सेतूवरून गेले तर डाव्या हाताला समुद्र मिळतो, पण परतताना कोंडीची टांगती तलवार राहते. म्हणून जाताना टॅक्सी आणि येताना मेट्रो.

सांताक्रूझला उतरताच पहिला फरक दिसतो तो रिक्षांचा. ऑटोरिक्षा माहीम-सायनच्या दक्षिणेला चालत नाहीत, त्यामुळे फोर्टमध्येच दिवस काढणाऱ्याला मुंबईत त्या असतात हेही कळत नाही. मेट्रोचे स्थानक पूर्वेला आहे. त्याच बाजूला, एक स्थानक अलीकडे, कालिन्याचा विद्यापीठाचा परिसर, विद्यानगरी. कालिन्यात ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची जुनी वस्ती आहे. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली ही इथलीच कोळी-आगरी-कुणबी माणसे. त्यांची बोली मराठी, त्यांच्या आज्या लुगडे नेसत आणि बाटली मसाला आजही उन्हाळ्यात घरी कुटून वर्षभर पुरवला जातो. परक्या पाहुण्याला आणि बऱ्याच मराठी वाचकांनाही हे नवे असते. क्रूस असलेले चौक, ओसरीची बैठी घरे आणि त्यांच्या डोक्यावरून दर काही मिनिटांनी उतरणारी विमाने, असे दृश्य फोर्टमध्ये मिळत नाही.

रेल्वे ओलांडून पश्चिमेला गेले की स्थानकाबाहेरचा बाजार लागतो: भाजी, फुले, फरसाण, कापड, लग्नाची खरेदी. इथे पाहुण्यांसाठी मांडलेले काहीच नाही आणि म्हणूनच तासभर तिथे रेंगाळावे. परदेशी माणसाने सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. रिक्षावाल्यापासून भेळवाल्यापर्यंत सगळे मोबाइलवर पैसे घेतात, पण परदेशी प्रवाशाच्या फोनवर ती सोय नसण्याचीच शक्यता जास्त. बाजारातून रिक्षाने जुहू तारा रस्त्याला लागले की समुद्र. तीन दिवस बोटीवरून समुद्र पाहिलेल्या माणसाला पुन्हा समुद्रच का दाखवायचा, अशी शंका येईल. पण जुहूला पाहायची असतात ती माणसे: क्रिकेट खेळणारी पोरे, गोळेवाले, पाय भिजवून परत फिरणारी सहकुटुंब गर्दी, कोळीवाड्याच्या बाजूला होड्या आणि जाळी. पोहण्यासाठी हा किनारा सुरक्षित नाही. दुपारचे ऊन कडक असते, त्यामुळे आधी जुहू आणि नंतर सावलीतला बाजार असा क्रम ठेवलेला बरा. नाटकाची आवड असणाऱ्याला बोट रात्रभर थांबणार असेल तर जवळच पृथ्वी थिएटर आहे. ते १९७८ मध्ये सुरू झाले.

दक्षिणेतला वारसा टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. पहिल्यांदा येणाऱ्याने सीएसएमटी आणि संग्रहालय पाहूनच जावे. पण दिवसाचे तीन तास उत्तरेला दिले तर जे शहर त्या दगडी इमारतींमध्ये कामाला येते ते घरी कसे असते, हेही दिसते. सहल आयोजित करणाऱ्या कंपन्या बसने ठरावीक ठिकाणी नेतात: महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाट, लॅबर्नम रोडवरचे मणिभवन, मलबार हिल. बसचा एक फायदा निर्विवाद आहे. कंपनीची स्वतःची सहल उशिरा आली तर बोट सहसा थांबते. एकट्याने गेलेल्यासाठी ती थांबत नाही. सांताक्रूझहून निघायचे तर दुपारी तीनच्या आत मेट्रोत बसावे, म्हणजे बॅलार्ड पिअरला पोहोचून फाटकावरची तपासणी सुखाने होते.

आणि बोट सुटलीच, तर काय? बोटीच्या कंपनीचा मुंबईतला एजंट असतो. त्याचे नाव आणि नंबर रोजच्या छापील पत्रकात दिलेला असतो, तो खिशात ठेवावा. बोट सुटताना गैरहजर प्रवाशाचा पासपोर्ट केबिनमध्ये वा कचेरीत असेल तर तो एजंटकडे देण्याची पद्धत आहे. इमिग्रेशनच्या नोंदी एजंटच्या मदतीने दुरुस्त करून, स्वतःच्या खर्चाने, पुढचे बंदर गाठावे लागते. बोट गोव्याला किंवा कोचीला चालली असेल तर ती पोहोचण्याआधी विमानाने तिथे जाता येते, आणि त्या प्रवाशाला मुंबईच्या विमानतळावर, म्हणजे पुन्हा सांताक्रूझच्याच दिशेने निघावे लागते.